कार्ड लालबागला, पेशंट गावाला

(दृश्य: आषाढातला पाऊस. सिंधुदुर्गातल्या एका सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा. भिंतीला टेकवलेल्या ओल्या छत्र्या.)

आजींच्या हातात कापडी पिशवी. तिच्यात प्लास्टिकची पिशवी, तिच्यातही आणखी एक. सगळ्यांत आत आधार कार्ड आणि रेशन कार्ड. पावसाळ्यात कोकणात कागद असेच जपावे लागतात.

आजोबा परवा खळ्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन ठरलंय. 15 ऑगस्ट 2023पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. पण बिल होतंच. ते फक्त आजींच्या हातात पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ते मुंबईला, राज्य आरोग्य हमी सोसायटीकडे जातं. तिथे तपासलं जातं आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात जमा होतात. 2012मध्ये ही योजना वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. आता राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. पूर्वी अशा वेळी बागायतदाराकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यात दोन-दोन हंगाम घालवायचे. म्हणून हा सगळा हिशेब एका जागी नेला, हे मला मनापासून योग्य वाटतं.

अडतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या मदतनिसाच्या टेबलाशी.

"ह्येंचा नाव हयच्या कार्डार नाय," आजी त्याला सांगतात. "ता मुंबयक आसा. झिलाच्या कार्डार."

कोकणातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट. गिरणीत कमवायला गेलेल्याचं नाव तिकडच्या कार्डावर चढलं. माणूस गावी परतला, नाव तिकडेच राहिलं.

आरोग्यमित्र मुलाला फोन लावतो. व्हॉट्सअॅपवर कार्डाचा फोटो येतो, अंधुक. पुन्हा मागवावा लागतो. मग खाटेजवळ जाऊन आजोबांचा अंगठा. काजूचा चीक लागून लागून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. यंत्र दोनदा नाही म्हणतं. तिसऱ्यांदा तो बोट कोरडं पुसून, स्वतःच्या हातानं धरून टेकवतो. घेतं.

जिवावरचं दुखणं असेल तर फोनवर मंजुरी मिळते, कागद मागाहून. पण डिस्चार्जनंतर 'क्वेरी' येते: एक्स-रे नीट दिसत नाही, सही राहिली. उत्तर गेलं नाही तर रुग्णालयाचे पैसे अडकतात. त्यात लाइट गेली, नेट गेलं की दिवस फुकट. मुंबईत यंत्रणा कितीही चांगली बसवा, या टेबलाशी मालवणी समजणारी माणसं पुरेशी हवीत. रात्रपाळीलाही हवीत.

दुपारी मंजुरी येते.

(दृश्य: डिस्चार्जचा दिवस. पाऊस थांबलाय.)

घरी जायचं एसटीचं भाडंही योजनेत धरलेलं आहे. आजी ते दोनदा विचारून खात्री करून घेतात. मग कागद एकेक करून आतल्या पिशवीत जातात. सगळ्यांत वर झिलाच्या कार्डाची झेरॉक्स.