नाव आपले, नोंद कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याला नौपाड्यात राहून घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका वहिनींनी गेल्या दिवाळीआधी वेबसाइट काढायचे ठरवले. शुक्रवारी रात्री मोबाइलवर जाहिरातीत दिसलेल्या कुठल्याशा संकेतस्थळावर त्यांनी मनातले डॉट कॉम नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता किंवा डोमेन, टाकून पाहिले, नाव मोकळे असल्याची हिरवी खूण आली, आणि तेवढ्या भरवशावर शनिवारी त्यांनी डब्यांची लेबले छापायला टाकली. सोमवारी पैसे भरायला बसल्या, तर नाव गेलेले. त्या पत्त्यावर ‘हे नाव विकणे आहे’ अशी पाटी आणि अनेकपट किंमत. “अहो, शुक्रवारी तर हिरवं दाखवत होतं!” एवढेच त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

त्या संकेतस्थळानेच नाव पळवले असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करणे फार अवघड असते आणि योगायोगही घडतात. पण ही शंका अगदीच वेडगळ नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या रजिस्ट्रारने, म्हणजे नावांची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीने, आपल्याकडे लोकांनी शोधलेली नावे चार दिवस स्वतःच्या ताब्यात ठेवायला सुरुवात केली होती. त्या काळात ते नाव दुसरीकडून घेताच येत नसे, आणि हे सारे ग्राहकांच्या संरक्षणासाठी आहे, असे ती कंपनी सांगत होती. त्यांना हे परवडे, कारण नोंदवलेले नाव पाच दिवसांत परत केले की पैसे परत मिळत. नावांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅन या संस्थेने २००९ मध्ये ठरावीक मर्यादेपलीकडच्या अशा परताव्याला चाप लावला आणि तो घाऊक खेळ बराचसा थांबला. शोधाच्या चौकटीत आपण जे टाइप करतो ते पलीकडच्याला कळते, ही गोष्ट मात्र तेव्हाइतकीच आजही खरी आहे.

म्हणून चौकशी मूळ नोंदवहीकडे करावी. डॉट कॉमसाठी आयकॅनचे ‘लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग’ हे पान आहे. तिथे नाव टाकले की ते नाव कधी नोंदवले, मुदत कधी संपते आणि रजिस्ट्रार कोण, हे दिसते. डॉट इनची नोंदवही निक्सी ही आपल्या देशातील संस्था सांभाळते आणि ‘रजिस्ट्री डॉट इन’ या तिच्या संकेतस्थळावर तशीच चौकशी करता येते. नुसते ब्राउझरमध्ये नाव टाकून पान उघडत नाही, म्हणून ते मोकळे आहे असे समजू नये. वेबसाइट न काढता वर्षानुवर्षे राखून ठेवलेली नावे पुष्कळ असतात. नोंद सापडली नाही तरीही ते नाव राखीव किंवा चढ्या किमतीचे असू शकते, म्हणून पैसे भरल्याची पावती हातात येईपर्यंत ते आपले मानू नये.

त्याआधीचे काम कागदावरच करावे. फराळातला फ इंग्रजीत एफनेही लिहितात आणि पी-एचनेही. फोनवर नाव ऐकणारे गिऱ्हाईक काय टाइप करील, हे घरातल्या चार माणसांना लिहायला सांगून पाहावे. नाव पक्के झाले की तपासणी आणि खरेदी एकाच बैठकीत उरकावी, आणि छापखान्याकडे त्यानंतर जावे. देवनागरीतले ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळते. दुकानांच्या पाट्यांवर ते अजून क्वचितच दिसते, याचे मला वाईट वाटते.

आता रजिस्ट्रार. डॉट कॉमसाठी मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी आयकॅनकडे असते, डॉट इनची निक्सीकडे; आपला विक्रेता त्यात नसेल तर तो कोणाच्या वतीने विकतो, हे विचारावे. पहिल्या वर्षाची स्वस्त किंमत पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाचा दर जीएसटीसह विचारावा. नाव दुसरीकडे हलवायचे झाल्यास लागणारा संकेतांक आपल्या खात्यातून सहज मिळतो का, हेही पाहावे. नव्या नोंदणीनंतर साधारण साठ दिवस नाव हलवता येत नाही, हा नियम आहे, त्याबद्दल विक्रेत्याला दोष देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. महापे एमआयडीसीतल्या एका लहान कारखानदारांची वेबसाइट ओळखीच्या मुलाने करून दिली आणि नावही स्वतःच्याच नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. मुलगा पुढे परदेशी गेला. रजिस्ट्रारला मुदत संपण्याच्या सुमारे महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण पाठवावी लागते, ती पाठवलीही गेली, पण कोणी न उघडणाऱ्या त्या पत्त्यावर. मुदत संपली, सवलतीचे दिवस गेले, आणि नाव वाढीव दंड भरून सोडवायच्या टप्प्यावर येऊन पोहोचले, तेव्हा कारखान्याची ईमेल बंद पडल्यावर मालकांना पत्ता लागला. पैसे दरवर्षी त्यांनीच दिले होते, पण नोंदीत त्यांचे नाव कुठेच नव्हते. खाते आपले, धारक म्हणून नाव आपले, आणि ईमेल त्याच डोमेनवरचा नव्हे तर वेगळा. काम कोणालाही द्या, या तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.

नौपाड्याच्या वहिनींना तेच नाव डॉट इनमध्ये मिळाले. छापलेल्या लेबलांवर ‘कॉम’ खोडून हाताने ‘इन’ लिहिलेले चकलीचे डबे त्या दिवाळीत आमच्याही घरी आले.