दुर्गाला न दिसलेली गाडी

(पडदा काळा. तारांची घूं घूं.)

हा आवाज तारेच्या खांबाचा. खांबाला कान लावून उभी आहे ती दुर्गा, आणि तिच्या मागोमाग आलेला तिचा धाकटा भाऊ अपू. भोवती काशाचं रान. काश म्हणजे माणूस बुडेल इतकं उंच गवत, त्याला पांढरेशुभ्र तुरे. मग लांबवर काळा धूर दिसतो आणि दोघं धावत सुटतात.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तलं हे दृश्य. चित्रपट १९५५चा. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांच्याही नजरेखालून हे दृश्य कधीतरी गेलेलं असतं. पण विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला, तिच्यात हे दृश्य नाही. १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्या कादंबरीत दुर्गाला आगगाडी दिसतच नाही. कधीच नाही.

पुस्तकात काय होतं ते ऐका. वासरू हरवतं, ते शोधायला भावंडं बाहेर पडतात. दुर्गाच्या मनात येतं, रूळ बघून येऊ या का? दोघं शेतं तुडवत पळतात, वाट चुकतात, दलदलीत अडकतात आणि तसेच घरी परततात. पुढे अपू वडिलांबरोबर परगावी निघतो, तेव्हा त्याला रूळ दिसतात. गाडी येईपर्यंत थांबू या म्हणून तो विनवतो. वडील थांबत नाहीत. मग दुर्गाला ताप येतो. अंथरुणावरून ती भावाला विचारते, मी बरी झाले की मला एकदा रेलगाडी दाखवशील? तो हो म्हणतो. ती बरी होत नाही.

पहिल्या वाचनात हा प्रश्न मी असाच ओलांडून गेलो होतो. आजारी पोरीचा हट्ट, एवढंच वाटलं. चित्रपट पाहून पुन्हा त्या पानाशी आलो, तेव्हा मात्र तिथून पुढे सरकवेना. कारण आता मला माहीत होतं, तिने काय मागितलंय ते. तो धूर, ती धडधड, चाकांच्या फटींतून पलीकडे दिसणारा एवढासा अपू. मी गाडी पाहिली होती, आणि पुस्तकातल्या दुर्गाने पाहिली नव्हती.

‘पुस्तकाची सर नाही’ असं थिएटरबाहेर म्हणणारे पुष्कळ भेटतात. मीही म्हटलेलं आहे. इथे तो हिशेब लागू पडत नाही.

(रेखाचित्रं.)

राय यांची या कथेशी ओळख झाली ती चित्रं काढताना. १९४४ साली सिग्नेट प्रेसने मुलांसाठी कादंबरीची छोटी आवृत्ती काढली, ‘आम आंटिर भेंपू’. म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. तिची चित्रं राय यांच्याकडे आली. पुढे चित्रपट काढतानाही हातात रीतसर पटकथा नव्हती. होती ती रेखाटनं आणि टिपणं.

चित्रीकरण सुरू झालं २७ ऑक्टोबर १९५२ला, याच काशाच्या रानात. काम अर्धवट राहिलं म्हणून मंडळी काही दिवसांनी परत आली, तर रान बोडकं. तुरे गुरांनी फस्त केले होते. पुन्हा काश फुलेपर्यंत थांबावं लागलं. कादंबरीतली पोरं वासराच्या मागे निघाली होती, इथे गुरांनीच डाव साधला!

(बांबूचं बन.)

गाडी बघून परतताना मुलांना वाटेत त्यांच्या घरातली म्हातारी आत्या, इंदिर ठाकरुण, बसलेली दिसते. दुर्गा तिला हलवते, आणि ती कलंडते. कादंबरीत म्हातारी फार आधीच जाते, अपू अगदी तान्हा असताना. राय यांनी गाडी आणि मरण एकाच दिवसात आणून ठेवलं. ही भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरातल्या, जुन्या रंगभूमीवरच्या. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्या गेल्या.

आणखी एक जागा. दुर्गाचे वडील हरिहर परगावाहून घरी येतात, त्यांना मुलगी गेल्याचा पत्ता नाही. ते तिच्यासाठी आणलेली साडी काढतात. कादंबरीत तिची आई सर्वजया शब्दांत आकांत करते. पडद्यावर तिचं तोंड उघडतं आणि रडण्याऐवजी ऐकू येते तारशहनाई, म्हणजे शहनाईसारखा आवाज देणारं तंतुवाद्य. संगीत रविशंकरांचं, राग पटदीप. नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना पटदीप काही परका नाही. पण तो इतका उघडावाघडा मी तरी कधी ऐकला नव्हता. आता पुस्तकातला तो आकांत वाचताना शब्दांच्या आधी ते सूरच येतात.

दुर्गा गेल्यावर अपूला एक वस्तू सापडते. जिच्या चोरीचा आळ दुर्गावर आला होता, तीच. पुस्तकात ती सोन्याची डबी आहे. अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. चित्रपटात मण्यांची माळ, आणि ती जाते तळ्यात. पाण्यावरचं हिरवं शेवाळ क्षणभर फाटतं आणि पुन्हा मिटतं. ताईचं गुपित झाकायला याहून बरी जागा मला सुचत नाही. इथे मी चित्रपटाच्या बाजूचा आहे.

गाव सोडतानाच्या प्रसंगात मात्र मी पुस्तकाच्या बाजूचा आहे. चित्रपट बैलगाडीवर थांबतो. ओस पडलेल्या घरात साप शिरतो. पुस्तक पुढे जातं, स्टेशनापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे. अपू आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसतो. गाडी सुटते, सिग्नल लहान लहान होत जातो. त्याला वाटतं, तिकडे गावापाशी ताई उभी आहे, याच गाडीकडे बघत. तो मनातल्या मनात तिला सांगतो की मी तुला विसरलो नाही, तुला मुद्दाम मागे टाकून निघालो नाही. ही माणसं मला घेऊन चालली आहेत.

(काशाचं रान. दुरून धूर. आवाज नाही.)