सांतानाचं चर्च: जांभा आणि चुना

नमस्कार मंडळी. गोव्याला गेलं की जुन्या गोव्याची चर्चेस सगळेच बघतात, पण तिथून फार लांब नाही अशा तळावली गावात, तिसवाडीतच, संत अ‍ॅनाचं चर्च आहे, लोक नुसतं सांताना म्हणतात, तिकडे पर्यटकांची गाडी क्वचितच वळते आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कारण आपल्याकडच्या गवंड्यांनी बरोक, म्हणजे युरोपातली भरगच्च नक्षीची बांधकामशैली, कशी आपलीशी केली ते इथे डोळ्यांनी दिसतं.

चर्च पूर्ण झालं १६९५ साली. समोरची भिंत पाच मजली, दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, शिंपल्यासारखे कोनाडे, आणि तिरकं ऊन पडलं की प्रत्येक कांगोऱ्याची सावली वेगळी. पण भिंत कशाची? जांभ्याची! आता कोकणातल्या माणसाला सांगायला नको, जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यात बारीक छिन्नीकाम टिकतच नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागासाठी तर वसईहून समुद्रामार्गे काळा दगड आणला होता. इथे मात्र बहुतेक नक्षी चुन्याच्या गिलाव्यात उठवलीय, हाताने, ओल्या चुन्यात, आणि ती बघताना दगड नाही हे लक्षातही येत नाही.

आणि हा चुना नुसता शोभेचा नाही हो. बॉम जीझसचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला, तेव्हापासून तिथला जांभा दर पावसाळ्यात पाणी पितोय आणि झिजतोय. लाल दगड फोटोत छान दिसतो, पण चर्चला ते महागात पडलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

सांतानाच्या आत गेलात की आधी मान वर करा, छत अर्धगोल कमानीचं आहे. मग भिंतींकडे बघा, त्या इतक्या जाड की आतून पोकळ ठेवल्यात, माणूस चालत जाईल एवढी वाट आहे आणि तिथे कुमसार, म्हणजे पापाची कबुली, ऐकली जायची.

जायचं असेल तर जुलैअखेरीस जा, तेव्हा तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त (चर्चचा उत्सव) असतं, मूल व्हावं म्हणून जोडपी संत अ‍ॅनाला तवसं वाहतात, हिंदूही येतात. पाऊस असणारच, तेव्हा छत्री घेऊन पाच मिनिटं बाहेरच थांबा आणि मनोऱ्याचे कांगोरे पाणी भिंतीपासून कसं लांब टाकतात ते नीट बघा.