सात टाक्या आणि एक भोक

(दृश्य: हॉइस्टला टांगलेले लोखंडी ब्रॅकेट टाकीतून वर येतात. कडांवरून द्रावण ठिबकतंय.)

साताऱ्यात एकेकाळी प्रिया स्कूटर तयार व्हायची. आज इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमधून वाहनांचे सुटे भाग निघतात आणि गाडी जुळते दुसरीकडे. पर्यावरणाचा विषय निघाला की कॅमेरे जुळणीच्या कारखान्याकडे वळतात. पण रंग देण्याआधीचं धुणं बऱ्याच भागांच्या बाबतीत अशा लहान कोटिंग शॉपमध्येच होतं, आणि पाणी सगळ्यात जास्त तिथेच नासतं.

धुण्याच्या या लाइनला तिथले लोक 'सेव्हन टँक' म्हणतात. पहिल्या टाकीत तेल-ग्रीस काढायचं, म्हणजे डिग्रीझिंग, दुसरीत धुवायचं. तिसरीत ॲसिडने गंज काढायचा, चौथीत पुन्हा धुवायचं. पाचवीत फॉस्फेटिंग, म्हणजे रंग घट्ट धरणारा फॉस्फेटचा थर चढवणं, सहावीत धुणं, सातवीत पॅसिव्हेशन, म्हणजे त्या थराला गंजरोधक शेवटचा हात. म्हणजे सातातल्या तीन टाक्या नुसत्या पाण्याच्या.

(दृश्य: सहाव्या टाकीचा ओव्हरफ्लो. नळ पूर्ण उघडा.)

हा नळ दिवसभर चालू असतो. का, ते एका हिशेबाने कळेल. समजा, भाग टांगलेला हँगर दर वेळी पाव लिटर द्रावण अंगावर घेऊन पुढे जातो. दिवसाला ४०० हँगर म्हणजे १०० लिटर. हे द्रावण हजारपट पातळ करायचं तर एका टाकीला दिवसाला एक लाख लिटर पाणी लागेल. तिच्या जोडीला दुसरी टाकी बसवून पाणी उलट्या दिशेने फिरवलं, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिचा ओव्हरफ्लो आधीच्या टाकीत, तर तेवढंच काम सुमारे ३,२०० लिटरमध्ये होतं. तीन टाक्यांत १,००० लिटर. प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं, कारण टाकीत पाणी नीट ढवळलं जात नाही. तळातून हवेचे बुडबुडे सोडले तर हा फरक कमी होतो. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, मोठा करण्याच्या कितीतरी आधी हा पाइप फिरवायला हवा.

त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे हँगर टाकीवर थांबवणं. घाईत पाच सेकंदांत उचलला जाणारा हँगर वीस-तीस सेकंद थांबला, किंचित तिरका टांगला, की बरंच द्रावण पुन्हा टाकीत पडतं. मात्र डिग्रीझिंगची टाकी गरम असते. तिथे जास्त थांबलं तर जॉब, म्हणजे टांगलेला भाग, वाळतो, अल्कलीचे पांढरे डाग बसतात आणि पुढे फॉस्फेट ठिगळासारखं चढतं. ॲसिडनंतर थांबलं तर काही मिनिटांत पिवळा गंज येतो. म्हणून गरम टाकीवर बारीक तुषारांचे नोझल लावायचे. जॉब ओला राहतो, आणि वाफेने उडालेलं पाणीही भरून निघतं.

(दृश्य: फॉस्फेट टाकीतून काढलेली हीटर कॉइल. तिच्यावर बोटभर करडा थर.)

हा फॉस्फेटचा गाळ. द्रावणात लोखंड विरघळतं, ॲक्सिलरेटर, म्हणजे प्रक्रिया वेगाने व्हावी म्हणून घातलेलं रसायन, त्याचं रूप बदलतो आणि ते तळाशी बसतं. थोडा गाळ होणारच. पण ॲक्सिलरेटर अंदाजाने ओतला, तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं, की तो वाढतो. कॉइलवर थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, इंधन जास्त जळतं, कॉइलजवळचं द्रावण अति तापतं आणि आणखी गाळ तयार होतो. दर पाळीला टायट्रेशन करून, म्हणजे नमुन्यात थेंब-थेंब रसायन घालून मोजून, फ्री ॲसिड, टोटल ॲसिड आणि ॲक्सिलरेटरचे पॉइंट वहीत लिहिणं हाच यावरचा इलाज.

फॉस्फेटऐवजी वापरायची झिर्कोनियमची नवी प्रक्रिया साध्या तापमानाला चालते, गाळही फारच कमी. पण तिचा थर अतिशय पातळ असतो. फॉस्फेट जे तेलकट डाग झाकून नेतं, ते इथे उघडे पडतात. आधी डिग्रीझिंग सुधारा, मगच तिकडे वळा.

सातव्या टाकीत अजून क्रोमचं पॅसिव्हेशन असेल, तर त्याचं पाणी वेगळ्या पाइपने न्यायलाच हवं. पीएच २ ते ३ वर आणून मेटाबायसल्फाइट हे रसायन घातलं की पिवळं पाणी हिरवट होतं, म्हणजे विषारी क्रोम कमी घातक रूपात बदलतं. मग चुना घालून पीएच ८-९ ला नेलं की क्रोम गाळात उतरतं. सगळी पाणी एकाच खड्ड्यात सोडली तर अल्कलीमुळे पीएच खाली येत नाही आणि विषारी क्रोम तसंच पुढे जातं. सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. साताऱ्याजवळची वेण्णा नदी माहुलीला कृष्णेला मिळते, आणि खाली सांगलीकर कृष्णेचंच पाणी पितात.

फिल्टर प्रेसमधून, म्हणजे गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून, निघालेला गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो छपराखाली, पक्क्या फरशीवर ठेवायचा, आणि ९० दिवसांच्या आत अधिकृत केंद्राकडे पाठवायचा.

(दृश्य: पेटीसारखा ब्रॅकेट. उलटा करताच आतून द्रावण ओघळतं.)

हा भाग कितीही वेळ टांगला तरी रिकामा होत नाही, कारण त्याला निचऱ्याचं भोक नाही. कोटिंगवाला ते स्वतः पाडू शकत नाही, ड्रॉइंग वाहन कंपनीचं असतं. म्हणून नवा भाग ठरताना, पहिले नमुने मंजुरीला जाण्याआधीच, कंपनीने ते ड्रॉइंग कोटिंग शॉपला दाखवावं, आणि हँगरवर तो भाग कसा टांगला जाणार ते पाहून भोकाची जागा ठरवावी.