मशेरीचा तवा आणि उपकेंद्रातला टॉर्च

(दृश्य : चूल, तवा, धूर)

लोखंडी तवा चांगला तापला की त्यावर बाजारातनं आणलेली तंबाखूची सुकी पानं पसरायची आणि उलथन्याने हलवत राहायचं, घाई केली की वरनं जळतात आणि आतनं कच्ची राहतात, असं आजींचं म्हणणं. सगळं घर ठसकायला लागतं, आमचा कॅमेरावाला तर मधेच बाहेर पळाला. पानं पार काळी झाली की उतरवायची, गार होऊ द्यायची आणि खलबत्त्यात कुटायची. झाली मशेरी. डबीत भरून डबी फळीवर, चहासाखरेच्या शेजारी.

हे गाव सांगली जिल्ह्यातलं, नाव घालू नका असं बायकांनी आधीच बजावलंय. इथे व्यसन कोणाला आहे असं विचारलं की सगळे हात पुरुषांकडे जातात. गुटखा, मावा, दारू. मशेरी त्यात कोणी धरतच नाही, ती दात घासण्यात खपून जाते. सकाळी उठल्यावर, दुपारी भांडी आवरली की, रात्री आडवं व्हायच्या आधी. बोटाने हिरडीवर चोळायची, बराच वेळ तोंडात धरायची, मग चूळ. नाही लावली तर पोट साफ होत नाही, डोकं धरतं असं जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं आणि त्या खोटं बोलत नाहीत, निकोटिनची तलफ अशीच असते.

भाजली की तंबाखूचा जोर मरतो असाही एक समज. उलटंच आहे. तंबाखूत कॅन्सर करणारी नायट्रोसमाइन्स आधीच असतात, त्यात ती तव्यावर जाळली की बिडीच्या धुरात असतात तसली बेन्झोपायरिनसारखी द्रव्यं पण तयार होतात. म्हणजे आयुष्यात बिडी न ओढलेल्या बाईच्या हिरडीवर ती रोज चोळली जातात.

2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे वयाने मोठे लोक निघाले 3.8 टक्के, आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. तरी पोस्टर बघा कुठलंही, त्यावर सिगारेटवाला पुरुषच!

(दृश्य : उपकेंद्राचा व्हरांडा, तपासणी)

आता हे नीट बघा, कारण यासाठीच हा व्हिडिओ केलाय. खुर्ची उजेडाकडे तोंड करून. कवळी असेल तर काढायची, खळखळून चूळ भरायची. सिस्टर हातमोजे घालतात, टॉर्च लावतात, आधी ओठ उलटून आतनं बघतात, मग दोन्ही गाल, हिरड्या, वरची टाळू. जीभ गॉजच्या (जाळीदार पट्टीच्या) तुकड्यात धरून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ओढायची कारण जिभेच्या कडा एरवी दिसतच नाहीत, मग जिभेखालची जागा, शेवटी मानेवर बोटं फिरवून गाठ लागते का ते चाचपायचं. आणि तपासून घेणाऱ्याने आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायचं, सुपारी-गुटखावाल्यांची बऱ्याचदा जात नाहीत. संपलं. दोनेक मिनिटं, सुई नाही, मशीन नाही.

शोधायचं काय, तर पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल चट्टा (हा जास्त वाईट) किंवा दोन आठवडे होऊन गेले तरी न भरणारं तोंड आलेलं.

या काकूंचं बघा. खालच्या ओठाच्या आत, जिथे रोज बोट जातं बरोबर तिथेच, ओल्या चुन्यासारखा पांढरा पट्टा. सिस्टर गॉजने घासून बघतात, जात नाही. काकू म्हणतात, "पण दुखत कुठं हाय?" सगळी गोम इथेच आहे, सुरुवातीला दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला येत नाही. असा प्रत्येक चट्टा काही कॅन्सर नसतो, बरेचसे कधी होतही नाहीत, तंबाखू सोडली तर काही विरूनही जातात, पण कुठला बिघडणार हे नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं गावात सगळेच म्हणतात. पसरत नाही.

नुसत्या बघण्याने खरंच फरक पडतो का? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून घरोघरी जाऊन अशीच तोंडं तपासली, 2005 मध्ये निकाल आले, तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते.

उशीर झाला की जबडा काढणं, रेडिएशन, नळीने जेवण. याच जिल्ह्यातले आर. आर. आबा (माजी गृहमंत्री आर. आर. पाटील) 2015 मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले.

(दृश्य : आशाताई, फॉर्म)

तिशी उलटली की ही तपासणी सरकारी उपकेंद्रात फुकट आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात त्यात तंबाखूचा प्रश्न असतो, तिथे मशेरी पण सांगायची, "नाही" लिहायला लावू नका. काकूंना मिरजेच्या सरकारी हॉस्पिटलची चिठ्ठी दिलीय, सोमवारी सुनेला घेऊन जाणारेत.

सोडायची असेल तर क्विटलाइन आहे, 1800-11-2356. तंबाखूच्या पाकिटावर हा नंबर छापलेला असतो, पण बाजारातली सुटी पानं कागदात बांधून येतात, त्यावर कोण छापणार. म्हणून इथे स्क्रीनवर टाकलाय, फोन फुकट लागतो.