उजवी बाजूच आधी का झिजते?

(दृश्य: कुंभार्ली घाट, सकाळ. मोटारसायकल वळणं घेत पोफळीकडे उतरते आहे.)

सातारा जिल्ह्यातून रत्नागिरी जिल्ह्यात उतरणारा हा घाट. पाटणहून चिपळूणला रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा मागचा टायर वाकून पाहिला, तर उजव्या अंगाची नक्षी डाव्यापेक्षा जास्त घासलेली दिसते. मालकाला पहिली शंका येते ती गाडी वाकडी झाल्याची. चासी तिरकी असणार, चिमटा (मागचं चाक धरणारी दुबेळकी दांडी) वाकला असणार. मग खोलाखोली आणि खर्च.

त्याआधी रस्ता पाहायला हवा.

आपण डावीकडून गाडी चालवतो. त्यामुळे घाट चढताना असो वा उतरताना, उजवं वळण कायम बाहेरच्या अंगाने घ्यावं लागतं आणि डावं आतल्या अंगाने. दोन्ही वाटांमध्ये ४ मीटरचं अंतर धरा. पूर्ण माघारी फिरवणाऱ्या वळणावर बाहेरून जाणारी गाडी आतून जाणारीपेक्षा सुमारे साडेबारा मीटर जास्त धावते, आणि तेवढा वेळ ती उजवीकडेच झुकलेली असते. वळण लहान असो की मोठं, फरक तेवढाच राहतो. शिवाय उजव्या वळणावर पुढचं लांबवर दिसतं, म्हणून वेगही जास्त असतो.

सपाटीवरचा रस्तासुद्धा मधोमध उंच आणि कडेला उतरता बांधतात, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. त्या उतारावर सरळ उभी चालणारी गाडी टायरच्या मध्यापासून जराशी उजवीकडे टेकते. तेव्हा पुढच्या-मागच्या दोन्ही टायरांची उजवी बाजू थोडी जास्त झिजली असेल, तर गाडीला दोष देण्याचं कारण नाही.

डावी बाजू जास्त गेली असेल, किंवा सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत असेल, तर मात्र दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, हे पाहायला सुतळी काढायची.

(दृश्य: गॅरेज. मिस्त्री मागच्या चाकाशी बसलेले.)

गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक सरळ. सुतळी मागच्या टायरच्या मागून वळवून दोन्ही बाजूंनी पुढे ओढायची, स्टँड आणि सायलेन्सरला अडणार नाही अशा उंचीवर. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला ती जेमतेम टेकली की हात तिथेच थांबवायचा. पुढचा टायर अरुंद असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना फट उरते. दोन्ही फटी सारख्या असतील तर चाकं एका रेषेत आहेत. नसतील तर आधी चेनचा ताण ठरवणारे ॲडजस्टर पाहायचे. चिमट्यावरच्या खुणा दोन्हीकडे जुळल्या म्हणून निर्धास्त राहू नये. त्या खुणा नेमक्या असतीलच असं नाही, सुतळीवर जास्त भरवसा ठेवावा.

पुढच्या टायरची तपासणी हाताने होते. तळवा आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एकीकडे गुळगुळीत लागतं आणि दुसरीकडे नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना अडते. ब्रेक मारून मारून थोडी धार येतेच. पण ठरावीक अंतरावर खळगे लागले, तर हवा कमी, शॉकअप थकलेला, चाकाचा बॅलन्स गेलेला किंवा कोनसेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) ढिला, यांपैकी काहीतरी आहे. पुढचं चाक अधांतरी करून शॉकअप खालून धरा आणि पुढे-मागे हलवा. ‘टक’ असं जाणवलं तर कोनसेट कसायची वेळ झाली. चाक आडवं हलवल्यावर खेळ लागला तर बेअरिंग गेलं.

टायर फक्त मधोमध सपाट झाला असेल, तर हायवेवरची सरळ धाव किंवा जास्त हवा. एकाच जागी चट्टा असेल, तर मागचा ब्रेक दाबून चाक घसरलेलं.

हवा मात्र सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. चालून तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं असतं, त्यावर विसंबून हवा सोडली की टायर कमी हवेवर धावतो. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळं दिलेलं असतं. इतकी स्वस्त काळजी दुसरी नाही, आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते.

(दृश्य: टायरच्या खाचेतला छोटा उंचवटा, जवळून.)

खाचेच्या तळाशी हा रबराचा उंचवटा, झिजेची खूण. उजव्या बाजूची नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की डावीकडे कितीही रबर शिल्लक असो, टायर बदलायचा. “पलटून बसवा, दुसरी बाजू वापरली जाईल,” असा सल्ला काही जण देतात. टायरच्या कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असेल, तर तसं करू नये.