माळरानाच्या वाट्याचा निधी

मित्रहो, निसर्गरक्षणासाठी सरकारकडे पैसा नसतो, ही तक्रार निदान एका खात्याबाबत खरी नाही. खाण, धरण किंवा महामार्गासाठी वनजमीन वळती केली, की प्रकल्पाकडून पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि त्या वनाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे त्या जंगलापासून मिळणाऱ्या लाभांची पैशातली किंमत, वसूल केले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर साचत गेलेल्या या रकमेसाठी संसदेने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये सुपूर्द केले. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे ३,८४४ कोटींचा होता.

पैसा आहे, तो कोणत्या जमिनीवर आणि कशासाठी खर्च होतो, हा खरा प्रश्न आहे. गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडे लावायची, तर मोकळी जागा हवी, आणि सोलापूर, अहिल्यानगर किंवा पुण्याच्या पूर्व भागात ती माळावर सहज सापडते. कागदोपत्री हे माळ पडीक ठरतात. प्रत्यक्षात तिथे पवन्या आणि कुसळी वाढते, लांडगा आणि खोकड वावरतात, चंडोल व धाविक जमिनीवरच अंडी घालतात, आणि धनगरांची मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या चरतात. अशा माळावर चर खणून, खड्डे घेऊन गिरिपुष्पाची रोपे ओळीने लावली, की काही वर्षांत सावलीखालचे गवत विरळ होते, मेंढपाळाची चराई बंद होते आणि उघड्यावर दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्यांना तिथे थारा उरत नाही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातील माळढोकाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे: एका विणीत बहुधा एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याला मोकळे गवताळ रान लागते, दाट लागवड नव्हे. (पाणलोटातील उघड्याबोडक्या डोंगरउतारांवर स्थानिक झाडे लावण्यास माझा विरोध नाही, हे इथेच सांगतो.)

अहवालात लावलेली रोपे मोजता येतात, राखलेले गवत मोजण्याची सवय आपल्या यंत्रणेला नाही, म्हणून खर्च रोपांकडे वळतो. माझ्या मते ही या निधीची सर्वांत मोठी उणीव आहे. माळ राखायला फार पैसा लागतही नाही. पण तो दरवर्षी, न चुकता लागतो: वणवा रोखणाऱ्या जाळरेषांसाठी, वेडी बाभूळ मुळासकट काढण्यासाठी, स्थानिक राखणदारांच्या मजुरीसाठी आणि कोणते क्षेत्र केव्हा चराईला खुले ठेवायचे हे मेंढपाळांशी बसून ठरवण्यासाठी.

हा निधी सांभाळणारे राज्य प्राधिकरण दरवर्षी आपला कार्य आराखडा राष्ट्रीय प्राधिकरणाकडे मंजुरीसाठी पाठवते. तो तयार होतानाच माळरान संवर्धनासाठी त्यात स्वतंत्र तरतूद असावी, आणि ज्या गावाच्या माळावर लागवड प्रस्तावित आहे, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे त्या जागेचा नकाशा आराखडा राज्याबाहेर जाण्यापूर्वी मांडला जावा, एवढी मागणी आपण शासनाकडे लेखी केली पाहिजे.